हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दहिसरहून मीरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रो मार्ग क्रमांक ९ च्या गाड्या रात्रीं कोठें उभ्या करावयाच्या, हा प्रश्न दिसावयास लहान आहे; परंतु त्यानें आमच्या सरकारच्या अर्थनीतींतील एक मोठें व्यंग चव्हाट्यावर आणिलें आहे. या मार्गाच्या कारशेडसाठीं प्रथम भाईंदर पश्चिमेकडील राई, मुर्धा व मोरवा या गांवांची जमीन योजण्यांत आली. पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहणाऱ्या भूमिपुत्रांनीं कसून विरोध केला. तेव्हां कारशेड तेथून उठली व डोंगरीस गेली. आणि आतां तेथें हजारों झाडांचा प्रश्न उभा राहून त्या बाजूचे रहिवासी विरोधास उभे राहिले. मोरव्याच्या ग्रामस्थांनीं आपली जमीन राखिली म्हणून कोणी त्यांचें अभिनंदन करील, तर कोणी विकासाचे शत्रु म्हणून त्यांस दूषण देईल. आमच्या मतें हे दोघेहि मूळ मुद्दा चुकवितात. खरा मुद्दा असा कीं, ती जमीन घेण्याचें ठरवितांना तिची किंमत कोणीं, कोणास आणि केव्हां विचारली होती?

भाईंदरच्या पेठेंतील एखाद्या व्यापाऱ्यास वखार बांधावयाची असली तर तो काय करितो? चार ठिकाणीं भाव विचारितो. एक जागा स्टेशनाजवळ पण महाग, दुसरी स्वस्त पण दूर, तिसरीचा मालक विकावयास तयार नाहीं, चौथीवर भाऊबंदकीचा दावा चालू आहे. हें सर्व तोलून तो एक जागा पत्करितो, आणि त्यांत चूक झाली तर ती त्याच्या स्वतःच्या पदराला खार लाविते. या व्यवहारांत भाव हा केवळ देण्याघेण्याचा आंकडा नसतो. ती जमीन आज दुसऱ्या कोणाच्या किती उपयोगाची आहे, याचा तो निरोप असतो. गांवच्या शेतकऱ्यानें अमुक रुपयांखालीं गुंठाभर जमीनहि देणार नाहीं असें म्हटलें, तर त्या आंकड्यांत त्याची भाताची खाचरें, घरापुढील अंगण, मुलांच्या घरांसाठीं राखलेली जागा व शेजारधर्म, हें सर्व मोजलें गेलेलें असतें. कोणताहि अधिकारी, तो कितीहि सज्जन असला तरी, हा हिशेब त्याच्याऐवजीं करूं शकत नाहीं.

सरकारचें मात्र निराळें आहे. जमीन मिळविण्याचे त्याला दोन मार्ग मोकळे आहेत, आणि दोहोंतहि भाव विचारण्याची गरज पडत नाहीं. जमीन सरकारी असली तर ती फुकट समजली जाते. खासगी असली तर ती कायद्याच्या जोरावर घेतली जाते व मोबदला मागाहून ठरविला जातो. ज्याला किंमत विचारावी लागत नाहीं त्याला काटकसरहि सुचत नाहीं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दान करणारा मनुष्य मोठा उदार दिसतो. त्याचें औदार्य कितीला पडलें हें हलवायास विचारावें.

प्रथम सरकारी जमिनीचें पाहूं. मुंबईच्या मेट्रो ३ च्या कारशेडची कथा सर्वांस ठाऊक आहे. २०१९ सालीं आरे येथें दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. त्याच वर्षीं सरकार बदलतांच कामास स्थगिति मिळाली. २०२० सालीं कारशेड कांजूरमार्गच्या मिठागरांच्या जमिनीवर नेण्याचें ठरलें. तेथें केंद्राच्या मीठ आयुक्तांनीं मालकी सांगितली व डिसेंबर २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तेथील काम थांबविलें. पुढें २०२२ सालीं पुन्हा सरकार बदललें आणि कारशेड आरेला परत गेली. जागेच्या मालकीचा शोध न घेतां वखारीचा पाया खणणाऱ्या व्यापाऱ्यास आपण वेडा म्हणूं. येथें तर राज्य व केंद्र हीं दोन सरकारें एकाच भूमीवरून न्यायालयांत भांडत होतीं. या येरझारांत गेलेल्या दिवसांचें व्याज आणि वाढलेला खर्च कोणीं दिला? तिकीट काढणाऱ्यानें व कर भरणाऱ्यानें. फुकट म्हणून घेतलेली जमीन अशी सर्वांत महाग पडते. झाडांचेंहि तसेंच. त्यांची किंमत कोणत्याहि वहीत लिहिलेली नसते, म्हणून नकाशा काढणाऱ्यास तीं दिसतच नाहींत.

आतां खासगी जमिनीकडे वळूं. सार्वजनिक कार्यासाठीं रयतेची जमीन सक्तीनें घेण्याचा कायदा इंग्रजांनीं १८९४ सालीं केला. त्याची धार महाराष्ट्रास मुळशी पेट्यांत कळली. टाटा कंपनीच्या विजेच्या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी याच कायद्यानें घेण्यांत आल्या, आणि १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापति बापट व त्यांचे सहकारी यांनीं त्याविरुद्ध लढा दिला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि वीज उपयुक्तहि होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उपयुक्त वस्तूचा खर्च, ती वस्तु वापरणारानें द्यावयाचा कीं जो तिच्या वाटेंत सांपडला त्यानें? शिवाय पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांस मोबदला घेऊन मोकळें होणें सोयीचें होतें. नांगर धरणाऱ्या मावळ्याचें मत विचारण्याची कायद्यांत तरतूदच नव्हती.

इंग्रज गेले, कायदा राहिला. स्वराज्यांत तो तब्बल २०१३ च्या अखेरपर्यंत चालला. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविण्याचें ठरलें. मोरव्याच्या लोकांच्याच नात्यागोत्यांतील आगरी व कोळी समाज तेथें राहत होता. त्यांची जमीन शेताच्या भावानें घेतली गेली आणि शहराच्या भावानें विकली गेली. या दोन भावांमधील अंतर कोणाचें, या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत गोळीबार झाला व पांच शेतकरी हुतात्मे झाले. त्यानंतर कोठें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जें अंतर पहिल्याच दिवशीं शांतपणें व्यवहारांत मिटलें असतें, त्याचा एक अंश मिळविण्यास पांच प्राण द्यावे लागले. खरेदीच्या टेबलाशीं न बसणाऱ्या सरकारास शेवटीं बंदुकीशीं बसावें लागतें, हा यांतील धडा होय.

कायद्याचा इतिहासहि वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. १९५० च्या राज्यघटनेंत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें तो मूलभूत हक्कांतून काढण्यांत आला. आतां कायद्याच्या अधिकारावांचून कोणाची मालमत्ता घेऊं नये एवढेंच ३०० अ हें कलम सांगतें. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हा हक्क परत द्या असें वर्षानुवर्षें सांगत राहिले. पण मालमत्ता म्हणजे श्रीमंतांची चैन, अशा समजुतीनें कोणीं तें मनावर घेतलें नाहीं. वस्तुतः श्रीमंतास वकील, ओळख व दुसरें घर असतें. अर्ध्या एकराच्या धन्यास कायद्याखेरीज दुसरा वाली नाहीं. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोन निकालांत कांहींसा तोल सांवरला. मे महिन्यांतील निकालानें ३०० अ कलमाच्या पोटांत नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय व रास्त मोबदला यांसह सात हक्क असल्याचें सांगितलें. आणि मुंबईच्या घरमालकांच्या जुन्या दाव्यांत, ५ नोव्हेंबर रोजीं, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें ठरविलें कीं, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ति मानतां येणार नाहीं.

२०१३ च्या नव्या कायद्यानें मोबदला वाढविला, हें खरें आहे. बाजारभाव, ग्रामीण भागांत त्यावर एक ते दोन पटीचा गुणक, आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम, असा तो हिशेब आहे. खासगी कंपनीसाठीं ८० टक्के व भागीदारीच्या प्रकल्पासाठीं ७० टक्के बाधित कुटुंबांची संमतिहि त्यानें आवश्यक केली. पण सरकार स्वतःच्या कामासाठीं जमीन घेतें तेव्हां संमति लागत नाहीं. म्हणजे जो सर्वांत बलवान त्यालाच सूट! शिवाय बाजारभाव ठरतो तो सरकारी दरावरून किंवा मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून. आमच्या पेठेंतील वाचकांस या खतांविषयीं अधिक सांगणें नलगे. मुद्रांक शुल्क वांचावें म्हणून खतांत अर्धा भाव लिहावयाचा व उरलेला रोखीनें द्यावयाचा, हा प्रघात कोणास अपरिचित नाहीं. तोच अर्धा भाव उद्यां शेजाऱ्याच्या मोबदल्याचा पुरावा होतो. मग आक्रोश कोणाच्या नांवानें करावयाचा?

आतां आक्षेपाकडे येऊं. कोणी म्हणेल, शंभर मालकांपैकीं नव्व्याण्णव तयार झाले आणि एक अडून बसला, तर रस्ताच होणार नाहीं. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सक्तीचा अधिकार समूळ काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अडून बसणाऱ्या एकासाठीं ठेवलेलें शस्त्र पहिल्याच दिवशीं शंभरांवर उगारणें, हें कोणतें शास्त्र? नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धि महामार्गासाठीं प्रथम जमीन एकत्रीकरणाची योजना काढली, ती शेतकऱ्यांस पटली नाहीं. मग सरकारनें चढ्या दरानें, नोंदणीकृत खतानें थेट खरेदी सुरू केली, आणि बहुतेक जमीन अशा खरेदीनेंच मिळाली. सक्ती उरल्यासुरल्यापुरती झाली. दोष तेथेंहि निघाले. तरी खरेदीची वाट चालण्यासारखी आहे एवढें सिद्ध झालें. पुण्याजवळ हडपसर येथें मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून, कंपनी काढून, स्वतःच नगर वसविलें व जमिनीच्या प्रमाणांत भाग घेतले. तेथें जमीनहि शेतकऱ्यांची राहिली आणि वाढलेला भावहि त्यांचाच झाला.

तिसरा उपाय तर आमच्याच घरचा आहे. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचना कायदा झाला. त्याची युक्ति साधी: सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धराव्या, त्यांतून रस्ते व बागा यांस जागा काढावी, आणि उरलेली जमीन नीट आंखून ज्याची त्याला परत द्यावी. क्षेत्र घटतें, पण रस्ता आल्यानें भाव वाढतो. गुजरातनें ही पद्धति जिवंत ठेविली व अहमदाबादच्या सरदार पटेल वळण रस्त्यास तिच्या योगें जमीन मिळविली. महाराष्ट्रानें मात्र तोच वारसा बहुतांशीं बासनांत गुंडाळून ठेविला. अलीकडे नैना क्षेत्रांत त्याची आठवण झाली इतकेंच.

हा प्रश्न केवळ गांवकऱ्यांचा आहे, असें शहरवासीयांनीं समजूं नये. विकास आराखड्यांत एखाद्या भूखंडावर शाळेचें वा उद्यानाचें आरक्षण पडलें कीं मालकास तेथें दुसरें कांहीं बांधतां येत नाहीं, गिऱ्हाईक मिळत नाहीं, आणि सरकारकडून पैसाहि येत नाहीं. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें त्यानें दहा वर्षें थांबावें, मग नोटीस द्यावी, मग आणखी चोवीस महिने वाट पाहावी. तेव्हां कोठें आरक्षण सुटण्याची आशा. ना शाळा, ना भाडें! आज मोरवा आहे, उद्यां आपल्या दुकानाची पायरी असेल.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. प्रत्येक प्रकल्पाच्या हिशेबांत सरकारी जमिनीचा चालू भाव व तोडावयाच्या झाडांचें मूल्य खर्च म्हणून लिहावें, आणि निवड करण्यापूर्वीं निदान तीन जागांचा असा तौलनिक हिशेब लोकांपुढें मांडावा. खासगी जमिनीसाठीं आधीं उघड खरेदीचा प्रस्ताव द्यावा; बहुतेक मालक राजी झाल्यावरच उरलेल्यांपुरता सक्तीचा अधिकार वापरावा, आणि तोहि राजी झालेल्यांच्या भावानें. पूर्ण रक्कम हातीं पडल्यावांचून ताबा घेऊं नये. आणि आरक्षण ठराविक मुदतींत खरेदी न झाल्यास, नोटिशीची वाट न पाहतां, आपोआप सुटावें. या चौघींत एकहि मागणी मेट्रोच्या विरुद्ध नाहीं. मेट्रो हवी आहे, रस्ते हवे आहेत, शाळा हव्या आहेत. म्हणूनच त्यांची खरी किंमत आगाऊ कळावयास हवी.

आणि एक काम सरकारचें नव्हे, आपलें आहे. खरेदीखतांत खरा भाव लिहा. मुद्रांकाचे चार पैसे वांचविण्याच्या भरांत आपण आपल्याच जमिनीच्या किंमतीचा पुरावा नाहींसा करितों. मुद्रांक शुल्क जाचक असेल तर तें कमी करण्यासाठीं उघड भांडावें. आम्ही त्यांत मागें राहणार नाहीं. परंतु जो समाज स्वतः खरा भाव सांगत नाहीं, त्याला सरकारकडून रास्त भाव मागण्यास तोंड उरत नाहीं.