उभी मोटार की उघडी विहीर?

वऱ्हाडाला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. चैत्र सरता सरता अकोला-अमरावतीचे रस्ते भर दुपारी ओस पडू लागतात, कूलरला वाळ्याच्या ताट्या चढतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडत नाही आणि घरोघरी कैरीच्या पन्ह्याचे माठ भरले जातात. नवतप्याचे नऊ दिवस कसे काढावेत, हे येथील आजीबाईंना हवामान खात्याच्या आधीपासून ठाऊक आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लागू केले. खासगी शिकवण्यांच्या वेळा बदलण्यात आल्या, कामगारांसाठी पाण्याची व सावलीची सोय करण्याचे आदेश निघाले. एरवी दंगलीच्या काळात वापरले जाणारे कलम सूर्याविरुद्ध वापरावे लागावे, यातच वऱ्हाडी उन्हाळ्याचे सारे वर्णन आले.

मात्र या सर्व दक्षतेतून एक जागा निसटून गेली आहे. ती जागा म्हणजे दाराशी, गल्लीच्या तोंडाशी किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात उन्हात उभी असलेली बंद मोटार.

ही केवळ कल्पनेतील भीती नव्हे. जून २०२३ मध्ये विदर्भाच्याच नागपुरात, पाचपावली भागात, दुपारी खेळायला गेलेली तीन चिमुकली बालके घरी परतली नाहीत. रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती सापडली, तीही घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत, निष्प्राण अवस्थेत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात सात व पाच वर्षांची दोन भावंडे अशीच एका उभ्या गाडीत गतप्राण झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतील अमरेली जिल्ह्यात आईबाप शेतावर राबत असताना शेतमजुराची चार मुले मालकाच्या मोटारीत अडकून दगावली. मे २०२५ मध्ये आंध्रातील विजयनगरमजवळच्या द्वारपुडी गावात पुन्हा चार बालके त्याच मार्गाने गेली. यांतील अमरेलीची घटना विशेष विचार करायला लावणारी आहे. नोव्हेंबर हा काही नवतप्याचा महिना नव्हे. तेथे चार मुले जाऊ शकतात, तर अकोल्याच्या मे महिन्यात काय होईल?

या चारही घटनांत साम्य आहे. मुलांना कुणी गाडीत कोंडले नव्हते. उभी गाडी दिसली, ‘ड्रायव्हर-ड्रायव्हर’ खेळण्याचा मोह झाला, मुले आत शिरली आणि दार बंद झाले. मागच्या दारांना लहान मुलांच्या सुरक्षेसाठी दिलेला ‘चाइल्ड लॉक’ लावलेला असेल, तर ती दारे आतून उघडतच नाहीत. पुढचे दार आतून उघडता येते, परंतु घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलाला ते सुचत नाही. काचा चढवलेल्या असल्याने रडण्याचा आवाज बाहेर पोहोचत नाही. भर दुपारची वेळ, त्यामुळे रस्त्यावर कान देणारेही कुणी नसते.

आत जे घडते त्याचे शास्त्र साधे आहे. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आसने व समोरचा डॅशबोर्ड तापवतो. त्यांतून बाहेर पडणारी उष्णता काच ओलांडून जाऊ शकत नाही आणि कोंडलेली हवा क्षणोक्षणी तापत जाते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असलेल्या दिवसांतही बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. बाहेरच ४५ अंश असतील, तर वऱ्हाडातील गाडीच्या आत साठी ओलांडायला किती वेळ लागेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. ‘काच बोटभर उघडी ठेवली आहे’ हे समाधान खोटे आहे. ‘कडुनिंबाखाली लावली आहे’ हेही तितकेसे खरे नाही, कारण सावली सरकते, गाडी सरकत नाही.

त्यातच बालकाचे शरीर म्हणजे प्रौढाच्या शरीराची लहान आवृत्ती नव्हे. ते मोठ्या माणसापेक्षा तिपटी-पाचपटीने लवकर तापते. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले की उष्माघाताची अवस्था येते, ४२ च्या आसपास प्राणावर बेतते. ‘पाचच मिनिटांत औषध घेऊन येतो’ म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवणारा पिता निर्दय नसतो. परंतु औषधाच्या दुकानात रांग असते, ओळखीचे कुणी भेटते आणि पाचाची वीस मिनिटे केव्हा झाली ते कळत नाही.

याहून अवघड प्रकार विसरण्याचा. मे २०२४ मध्ये राजस्थानातील कोटा जिल्ह्यात एक कुटुंब लग्नाला गेले. आई मोठ्या मुलीसह उतरून मांडवात गेली, वडील गाडी लावायला पुढे गेले. धाकटी आईबरोबर उतरली असे वडिलांना वाटले, ती वडिलांजवळ आहे असे आईला वाटले. तीन वर्षांची ती मुलगी मागच्या आसनावरच राहिली. दोघे भेटले आणि एकमेकांना ‘ती कुठे आहे?’ असे विचारले, तोवर फार उशीर झाला होता.

अशी बातमी वाचली की ‘असले कसले आईबाप!’ हा उद्गार सहज तोंडी येतो. तो अन्यायाचा तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे, कारण तो उच्चारणारा ‘आपल्याकडून असे होणे नाही’ अशी स्वतःची समजूत घालून घेतो. अमेरिकेत १९९८ पासून हजाराहून अधिक बालके तापलेल्या गाडीत मृत्युमुखी पडली. त्यांतील निम्म्याहून अधिक बालके विसरली गेलेली होती आणि विसरणाऱ्यांत सुशिक्षित, जबाबदार, मुलांवर जीव टाकणारी माणसे होती. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील डेव्हिड डायमंड यांनी या प्रकारांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की रोजच्या सवयीची स्मृती आणि ‘पुढे अमुक करायचे आहे’ ही स्मृती मेंदूत वेगवेगळी काम करते. थकवा, अपुरी झोप, घाई किंवा नित्यक्रमातील बदल यांमुळे सवय दुसरीवर मात करते. मनुष्य सवयीने गाडी लावतो, सवयीने कुलूप लावतो आणि मागे शांत झोपलेले बाळ त्याच्या लेखी उतरलेले असते.

आपल्याकडील कुटुंबव्यवस्था हे या प्रश्नावरचे उत्तर आहे, असे पुष्कळांना वाटेल. ते अर्धेच खरे आहे. भरल्या घरात मुलाला शंभर हात असतात हे मोठे भाग्यच, परंतु लग्नघरी हेच भाग्य दगा देऊ शकते. ‘काकांकडे असेल’, ‘मावशीने घेतले असेल’, ‘आजीजवळ झोपले असेल’ असे प्रत्येकाला वाटते आणि सर्वांचे असलेले मूल त्या घटकेला कुणाचेच राहत नाही. अक्षय्य तृतीयेपासून वऱ्हाडातील मंगल कार्यालये गजबजतात. एकेका गाडीतून सहा-सात माणसे उतरतात, सामान, आहेर, बॅगा यांची मोजदाद होते. मग मुलांची का होऊ नये? घरातील एकाने, नाव घेऊन, मुलाची जबाबदारी घ्यावी. ती दुसऱ्याकडे सोपवताना ‘पिंटू आता तुमच्याजवळ’ असे तोंडाने सांगावे आणि समोरच्याने होकार द्यावा. गाडी लावणाऱ्याने मागचे दार उघडून आसनावर नजर टाकल्याखेरीज कुलूप लावू नये. पायांतील एक चप्पल किंवा मोबाइल मागच्या आसनावर ठेवण्याची युक्ती हास्यास्पद वाटेल, परंतु ती बिनखर्चाची आहे आणि मागे वळायला भाग पाडते. इटलीने २०१९ मध्ये चार वर्षांखालील मुलांच्या आसनाला इशारा देणारे उपकरण सक्तीचे केले. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल, मागे वळून पाहायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता प्रश्न उरतो तो रस्त्याने जाणाऱ्याचा, आणि समाजाची खरी परीक्षा तेथेच आहे. बंद गाडीत मूल दिसले तर काय करायचे? ‘दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचे मूल, आपण कशाला पडा?’ हा विचार प्रथम येतो. काच फोडली तर मालक भांडेल, पोलिसांचे झंझट मागे लागेल, ही भीती त्यामागोमाग येते. ही भीती निराधार आहे, हे प्रत्येक नागरिकाला ठाऊक असले पाहिजे. भारतीय न्याय संहितेच्या १९ व्या कलमानुसार, म्हणजे १८६० च्या दंडसंहितेतील जुन्या ८१ व्या कलमानुसार, मोठी हानी टाळण्यासाठी सद्हेतूने व गुन्हेगारी इरादा नसताना केलेले नुकसान हा गुन्हा ठरत नाही. मात्र टाळायचे संकट खरे आणि तसेच तातडीचे असावे लागते. कायद्याने दिलेले उदाहरणही बोलके आहे: आग पसरू नये आणि माणसे वाचावीत म्हणून कुणी वाटेतील घरे पाडली, तर तो दोषी नाही. जेथे घर पाडणे क्षम्य आहे, तेथे एका काचेचे मोल ते काय?

म्हणून क्रम पक्का ठाऊक असावा. प्रथम चारही दारे उघडून पाहावीत. मोठ्याने हाका मारून माणसे जमवावीत. एकाने मालकाला शोधावे, दुसऱ्याने ११२ वर पोलिसांना व १०८ वर रुग्णवाहिकेला कळवावे. मूल सुस्त, लालबुंद किंवा निपचित दिसत असेल तर कुणाचीही वाट पाहू नये. मुलापासून सर्वांत दूर असलेल्या बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यावर हातोडी, पाना वा अणकुचीदार दगडाने घाव घालावा. पुढची मोठी काच फोडण्यात वेळ घालवू नये, तिच्या दोन थरांमध्ये पारदर्शक पडदा असल्याने ती तडकते, पण सुटत नाही. मूल बाहेर काढताच सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये, कारण उष्माघातात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

मालकाचे कर्तव्य त्याहून सोपे आहे. दाराशी उभी असलेली गाडी नेहमी कुलूपबंद असावी आणि किल्ली मुलांच्या हाताला लागू नये. महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या गाड्या व गॅरेजबाहेर दुरुस्तीची वाट पाहणारी वाहने यांना तर हा नियम अधिकच लागू आहे. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली. आतील जीव बाहेरच्याला दिसावा, हेही त्या मनाईच्या पालनाचे एक कारण मानावे. मुलांना गाडीत न खेळण्याची शिस्त लावावी आणि अडकलेच तर पुढच्या आसनावर जाऊन हॉर्न दाबत राहण्यास शिकवावे. मूल दिसेनासे झाले, तर विहीर व पाण्याच्या टाकीबरोबरच परिसरातील प्रत्येक उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांत तपासली जावी.

एके काळी गावात उघडी विहीर असली, तर तिला कठडा बांधणे हे ती ज्याच्या शेतात असेल त्याचेच नव्हे, तर साऱ्या गावाचे काम मानले जाई. मूल कुणाचे, विहीर कुणाची, हा प्रश्न मागून येई. ज्यांची समाधी अमरावतीत आहे त्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेताना रस्ता कुणाच्या मालकीचा, याची चौकशी केली नाही. उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया उभारणारा आणि अनोळखी वाटसरूची तहान आपली मानणारा हा मुलूख आहे. महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था, मंगल कार्यालयांचे चालक आणि वस्तीवस्तीत काम करणारे कार्यकर्ते यांनी येत्या उन्हाळ्यात पाणपोईबरोबर हेही एक काम हाती घ्यावे: भर दुपारी आपल्या गल्लीतील, आवारातील उभ्या गाड्यांच्या काचांमधून एकदा डोकावून पाहावे. बहुतेक वेळा आत काहीच आढळणार नाही. ज्या दिवशी आढळेल, त्या दिवशी काच फोडणारा हात थरथरू नये, इतकीच तयारी हवी.