जुन्या डिस्कचं काय करायचं?

उन्हाळ्यात गराज आवरायला काढलं की मंडळातले दोन-तीन काका मला हमखास गाठतात. "अरे, तू कंप्युटरवाला ना? जुन्या मशीनची हार्ड डिस्क अजून ठणठणीत आहे. नव्यात बसवून दे की!" माझं काम सॉफ्टवेअरचं, पण ते समजावण्यापेक्षा डिस्क बसवून देणं सोपं. शिवाय काकूंचे पोहे मिळतात.

डिस्क बहुधा बसते. 2003 च्या सुमारास साटा जोडणीच्या डिस्क आल्या आणि आजच्याही बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती जोडणी असते. मशीनचा प्लग काढायचा, एक वायर डेटाची, एक विजेची, चार स्क्रू; झालं. नवा कंप्युटर स्वतःच्याच डिस्कवरून सुरू होतोय ना, एवढं बघायचं. त्याआधीच्या रुंद पट्टीच्या वायरवाल्या डिस्कसाठी किंवा घरात फक्त लॅपटॉप असेल तर यूएसबी अडॅप्टर लागतो. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला 12 व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा पॉवर प्लग असलेलाच घ्यावा.

पण बसते म्हणून तिच्यावर संसार थाटावा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. मिनिटाला 7200 फेरे मारणारं ते यंत्र आहे, दहा-बारा वर्षांनी त्याच्यावर एकुलती एक प्रत ठेवणं म्हणजे जुन्या दोरावर पोहरा सोडणं. तिच्यावरचं सगळं आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या, मग दुय्यम कामाला खुशाल वापरा. टकटक आवाज आला तर लगेच बंद करा. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांना पोहे देऊ नका.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. 2012 साली घेतलेला डेस्कटॉप आमच्या गराजमध्ये बरीच वर्षं पडून होता. बाबा 2020 मध्ये गेले. त्यांच्या भेटीचे व्हिडिओ त्यातच होते, हे माहीत असूनही मी "बघू कधीतरी" म्हणत राहिलो. गेल्या वर्षी स्वस्तातल्या अडॅप्टरने डिस्क जोडली, तर विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? बायको म्हणाली, "नाही म्हण आणि बंद कर आधी!" तेच केलं. मग डिस्क थेट डेस्कटॉपच्या आत जोडली, आणि उघडली. चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे, 2014 चा. बाबा महिन्याभराच्या नातीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणताहेत, बेसूर. मुलीने तो त्या दिवशी सलग सहा वेळा लावला.

त्याच डिस्कवर पाच वर्षांचे टॅक्स रिटर्न, सोशल सिक्युरिटी नंबर, भारतातल्या बँकेची स्टेटमेंट्स आणि पॅन कार्डही निघालं. हे मशीन मी एकदा दान करायला गाडीत टाकलं होतं! फाइल डिलीट केली तरी मजकूर डिस्कवर राहतो. क्विक फॉरमॅटनेही जात नाही. पूर्ण फॉरमॅट लागतं, त्याला काही तास लागतात. डिस्क चालूच होत नसेल तर ड्रिलने आरपार भोक पाडा, मग रिसायकलला द्या.

पुसण्यापूर्वी मात्र काय राखायचं ते बघा. रिटर्नचे कागद आयआरएसच्या नियमाने साधारण तीन वर्षं ठेवायचे, मोठं उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल तर सहा. भारतातली खाती मिळून 10,000 डॉलरच्या वर गेली म्हणून एफबार भरत असाल तर त्या नोंदी पाच वर्षं. घराच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे कागद घर विकेपर्यंत, आणि त्यानंतरही त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत संपेपर्यंत. आमच्या 2015 च्या स्वयंपाकघराची बिलं कागदावर कुठेच नव्हती, ती याच डिस्कवर सापडली.

तेव्हा काका, डिस्क घेऊन या. बसवून देतो, पण रिकामी दुसरी डिस्कही बरोबर आणा.