किशोरांचा बैठा विरंगुळा

वसई तालुक्यातील सांडोर असो वा मुंबई, मोकळा वेळ मिळताच किशोर मोबाइल घेऊन बसतो आणि वडीलधारे त्यास आळशी ठरवितात. हे निदान अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या वयास दररोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल आवश्यक मानली आहे. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले तीत उणी पडली. मुलींत हे प्रमाण ८५ टक्के होते. एवढी सारी आळशी कशी? मैदानावर झेल सुटलेल्याची टर उडवली जाते. मोबाइलवरील पराभव बहुधा कोणी पाहत नाही. मुलींवर तर लोकांच्या नजरेचाही पहारा असतो. साहजिकच, ज्यास खेळ जमत नाही, तो प्रथम मैदान सोडतो. शाळांनी निवडक संघाबरोबरच अशा मुलामुलींसाठी स्पर्धेविना खेळाचा तास राखला, तरच हा संकोच ओसरेल.