सावडीचे काम

ट्रॅक्टर येण्यापूर्वी धाराशिव जिल्ह्यात ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले, की एकच बैल असलेला शेतकरी शेजाऱ्याशी सावड करीत असे. दोघांचे बैल एका तिफणीला जुंपले जात आणि दोन्ही शेते वेळेवर पेरून होत. आज याच जिल्ह्यातील तरुण पुण्यास जाऊन संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहितात. तेही सावडीचेच काम होय. मोठी आज्ञावली लक्षावधी ओळींची असते. ती एकट्याच्या हातून पुरी होत नाही.

परंतु काम वाटून घेतले म्हणजे सहकार्य झाले, असे नव्हे. १९९८ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने मंगळाकडे एक यान धाडले. एका गटाची आज्ञावली पौंडाच्या मापात आकडे देत होती. दुसरा गट ते मेट्रिक मापातले समजून यानाचा मार्ग ठरवीत होता. मार्गात फरक पडत असल्याची शंका काहींना आलीही होती. पण तिचा नीट पाठपुरावा झाला नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यानाचा संपर्क कायमचा तुटला. दोन्ही गटांत विद्वत्तेची उणीव नव्हती. उणीव होती ती परस्परांना विचारण्याची.

शंका विचारल्याने कोणी लहान होत नाही आणि ती ऐकून घेतल्याने कोणाचा मान जात नाही. तिफणीचे तास वाकडे जात आहे, असे शेजाऱ्याने सांगितले, तर शहाणा शेतकरी रागावत नसे. तो बैल थांबवी आणि तास सरळ करी.