ओहमचा नियम हौस पाहत नाही

मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, सेंट पीटर्सबर्ग येथे ई-सिगारेट फुटून तिचे तुकडे डोक्यात घुसल्याने ३८ वर्षांच्या माणसाचा मृत्यू झाला. ते उपकरण ‘मेकॅनिकल मॉड’ होते. त्यात बॅटरी, बटण आणि तारेची कॉइल एवढेच असते. प्रवाह रोखणारे सर्किट नसते.

जास्त वाफेच्या हौसेपोटी अनेकजण कमी रोधाची कॉइल स्वतःच गुंडाळतात. शाळेतला ओहमचा नियम इथे लावून पाहा. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.२ ओहमची असेल तर प्रवाह २१ अँपिअर, ०.१ ओहमची असेल तर ४२. चांगले सेलही सलग २० ते ३० अँपिअरच सोसतात. त्यापुढे सेल आतून तापतो, वायू साठतो आणि त्याला वाट मिळाली नाही तर धातूची नळीच फुटते.

रोध मीटरने मोजणे, वेष्टन फाटलेला सेल न वापरणे, यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या वस्तूच्या सेलची हमी कोण देणार? घरातल्या तरुणाशी यावर बोलायचे तर रागावण्याआधी हे साधे गणित त्याच्यासमोर मांडावे.