खरा आकडा

बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात काटा स्थिर होण्यापूर्वीच वजन सांगणाऱ्या विक्रेत्यावर कोणी विश्वास ठेवील काय? शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र पुस्तकातील उत्तर पाहून वहीतले आकडे जुळविण्यात पुष्कळांना काही वावगे वाटत नाही. ही सवय घातक आहे, असे आम्हांस वाटते.

खगोलशास्त्रातील एक ताजे उदाहरण पाहा. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पल्सार नावाचे मृत तारे स्वतःभोवती फिरताना घड्याळाप्रमाणे नियमित स्पंद पाठवितात. मधून गुरुत्वीय लहरी गेल्या, तर त्या स्पंदांच्या वेळेत अतिसूक्ष्म फरक पडतो. तो शोधण्यासाठी युरोपीय संशोधकांनी आणि भारतीय-जपानी गटाने मिळून २५ पल्सारांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांत खोडदच्याही नोंदी होत्या. जून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथील गटांनाही तशीच चिन्हे आढळली. तरीही 'निर्विवाद सिद्ध झाले' असे कोणी म्हटले नाही. 'पुरावा मिळत आहे' एवढेच म्हटले.

एवढ्या तपश्चर्येनंतरही जे विद्वान आकड्यांपेक्षा एक शब्दही अधिक बोलत नाहीत, त्यांचा हा संयम शोधाइतकाच मोलाचा आहे. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगाचे उत्तर चुकले तरी चालेल. वहीतील नोंद मात्र खरी असू द्या. उद्याचे संशोधक त्याच वहीतून घडणार आहेत.