मोहरीएवढा डोळा

ज्या घरात लहान मूल नाही त्या घरापुढे दिवाळीचा किल्ला असू नये, असा काही कायदा नाही. पण आमच्या गल्लीतले लोक तो असल्यासारखे वागतात. साठी-सत्तरी उलटलेले दोघे भाऊ गणपती बोळवले की मांडीवर जुने धोतर पसरून मातीचे मावळे रंगवायला बसतात, हे पाहून येणारा-जाणारा विचारतो, "नातवंडांसाठी वाटतं?" आम्ही "हो" म्हणून मोकळे होतो. अण्णांना एक नात आहे. ती इंग्लंडात असते आणि तिने आमचा किल्ला आजवर फक्त फोनवर पाहिला आहे. पण एवढ्या उत्तराने माणसे समाधानाने पुढे जातात. खरे उत्तर "आमच्यासाठी" असे आहे आणि ते दिले तर लोक थांबून काळजीने बघू लागतील.

किल्ल्याविषयी मी फार लिहीत नाही. दगड, विटा, पोती, चिखल आणि वरून शिंपडलेले अळीव ही विद्या मराठी घरात कुणाला शिकवावी लागत नाही. कोल्हापुरात निम्मी पोरे पन्हाळाच करतात. वीस किलोमीटरवर तो उभा आहे, सहलीला आपण तिथेच जातो आणि तीन दरवाजा न पाहिलेला माणूस ह्या गावात सापडायचा नाही. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. आमच्या गल्लीतल्या पोरांनी ती यादी त्याच्या कितीतरी आधी केली होती.

माझे म्हणणे किल्ल्यावरच्या माणसांविषयी आहे. किल्ला आठ दिवस खपून होतो आणि मावळे मात्र वसुबारसेच्या संध्याकाळी घाईघाईने डझनाच्या भावाने येतात. ते सगळे एकाच साच्यातले, लाल पागोट्याचे आणि गुलाबी तोंडाचे असतात. सह्याद्रीचे ऊन-पाऊस अंगावर घेणाऱ्या माणसाचे तोंड गुलाबी कसे राहील, हा अण्णांचा जुना सवाल आहे. अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. चौतीस वर्षे ड्रॉइंग मास्तर होते. मी कारकून. घरातली कला त्यांच्या वाट्याला गेली आणि हिशेब माझ्या.

म्हणून आम्ही कोरे मावळे आणतो, म्हणजे न रंगवलेले. कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प अशा कुंभारवस्त्या आहेत. गणपतीची गडबड सरली की तिथे मावळ्यांचे साचे बाहेर निघतात. गंगावेशीच्या एका मावशींकडे आम्ही वर्षानुवर्षे जातो. पहिल्या वर्षी मी हिशेबी स्वभावाने विचारले होते, "मावशी, रंग आम्ही देणार, मग पैसे थोडे कमी घ्याल ना?" त्या म्हणाल्या, "रंगाला कुठं येळ लागतोय काका, सुकवायला लागतोय. पावसात वाळवून दावा, फुकट न्या." त्यानंतर भावाची गोष्ट मी काढली नाही. आमचा जो छंद आहे तो त्यांच्या घरची भाकरी आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

आता रंगाविषयी. साचा दोन पाळ्यांचा असतो, त्याच्या जोडाची एक रेघ मावळ्याच्या कानामागून टाचेपर्यंत उतरलेली असते. ती आधी काचकागदाने घासायची, नाहीतर कितीही सुरेख रंगवा, माणूस शिवून काढल्यासारखा दिसतो. माती पाणी पिते, तेव्हा डिंकाच्या पाण्याचा एक हात, मग पांढऱ्याचा एक हात. ह्यावर खरा रंग, पण दुधाइतका पातळ आणि दोनदा. दाट रंग एकदाच फासला की नाक, ओठ, मिशा सगळे बुजते आणि मावळ्याला देवी आल्यासारखे तोंड होते. पागोट्याच्या आणि अंगरख्याच्या घड्यांत काळसर पाणी सोडायचे, ते आपोआप खोलगट जागी जाऊन बसते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. मग मनगट मनगटासारखे दिसते. तोंडाला गुलाबी नाही. गेरू, पिवळी माती आणि कणभर काळा. मावळ्यांना आजच्यासारखा गणवेश नव्हता, म्हणून आमच्या बारांतले कुणी मळकट पांढऱ्यात, कुणी विटक्या निळ्यात असतो. एकाच्या खांद्यावर घोंगडे असते. रंग पोस्टर कलरचे असतील तर वरून वार्निश हवेच, नाहीतर अळिवाला पाणी घालताना अर्धी फौज वाहून जाते.

हा छंद आपल्यापुरताच आहे असे मला वाटत असे. पण अण्णांचा मुलगा चार वर्षांपूर्वी इंग्लंडाहून आला तो एक खोके घेऊनच. आत प्लास्टिकची करड्या रंगाची कोरी माणसे, उंची इंचभर किंवा किंचित अधिक! माणसे कसली, राक्षस, बुटके, चेटके आणि एक पंखवाला अजगर. तिकडे कंपन्या ही चित्रे कोरीच विकतात आणि मोठमोठे बाप्ये ती भिंग लावून रंगवतात, त्यांच्या लढाया टेबलावर लावतात. नॉटिंगहॅमच्या एका कंपनीचा 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ पासून चालू आहे आणि रंगवणाऱ्यांच्या स्पर्धाही भरतात. त्याआधीचा इतिहासही मोठा आहे. न्युरेंबर्गचे चपटे कथलाचे शिपाई जुनेच, १८९३ साली विल्यम ब्रिटन ह्या लंडनच्या कारखानदाराने शिशाचे पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली, आणि एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने १९१३ साली जमिनीवर मांडायच्या लुटुपुटीच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. खऱ्या लढाईपेक्षा ही बरी, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी खरी सुरू झाली, हे त्याचे दुर्दैव.

अण्णांनी त्या खोक्यातला सर्वांत दांडगा राक्षस उचलला. खोक्यावरच्या चित्रात तो हिरवा होता. अण्णांनी त्याला तांबूस केला, खांद्यावर, गुडघ्यांवर लाल मातीचे डाग दिले, कान चिरडलेले दाखवले आणि आमच्या देखत त्याचा तालमीतून नुकताच उठून आलेला पैलवान झाला. पोरगा म्हणाला, "अण्णा, हा असा नसतो." अण्णा म्हणाले, "तू पाहिलायस का कधी?" माझ्या मते ह्या साऱ्या विद्येचे मर्म त्या प्रश्नात आहे. साचा एकच असतो, पण आतला माणूस रंगवणाऱ्याने ठरवायचा. आबालाल रहिमानांच्या आणि बाबूराव पेंटरांच्या गावात हे कुणाला पटवून द्यायला नको. बाबूरावांच्या 'सैरंध्री'त, १९२० साली, कीचकाचा वध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. तोही शेवटी रंगाचाच खेळ.

राक्षसाला किल्ल्यावर जागा द्यावी की काय, ह्यावर घरात वाद झाला. सिद्दीच्या छावणीत ठेवा, असे कुणीसे सुचवले. अण्णा एकदम गंभीर झाले. "सिद्दी जौहर हा माणूस होता. चांगला सेनापती होता. राक्षस तुळशीकट्ट्यावर ठेवा." तेव्हापासून तो तिथे आहे आणि वहिनी त्यालाही दिवाळीत पणती लावतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पन्हाळा करायचा म्हणजे १६६० चा वेढा आलाच, आणि वेढा म्हटला की दोन पालख्या आल्या. चार महिने गड कोंडलेला, जुलैतली पावसाची रात्र, महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले आणि दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशिद बसला. जातीने न्हावी. पकडले जाण्यासाठीच ती पालखी निघाली होती. बाजीप्रभूंची खिंड सगळी पोरे करतात. शिवा काशिदची पालखी फार थोडी करतात, आणि ह्याचे एक साधे कारण असे की त्याचा साचा कुंभाराकडे मिळत नाही.

अण्णांनी तोड काढली ती मी दहा-बारा वर्षांचा असताना. महाराजांच्या दोन कोऱ्या मूर्ती आणायच्या आणि दोन्ही अगदी हुबेहूब रंगवायच्या. तोच जिरेटोप, तेच मोती, तीच दाढी. शत्रूला फरक कळला नाही तो आपल्याला तरी का कळावा? पण रंगवणाऱ्याला तो ठाऊक असायलाच हवा. मग फरक दाखवायचा कुठे? मूर्ती चार बोटांची, तोंड चिंचोक्याएवढे आणि डोळा मोहरीएवढा. अण्णांनी फरक तिथेच ठेवला. महाराजांची बुबुळे समोर, पुढच्या वाटेवर. शिवा काशिदची एका कोपऱ्यात, म्हणजे शेजारच्या पालखीकडे. फरक केसाएवढा होता. पालख्या शेजारी ठेवल्या तरच तो दिसे आणि तोही पाहणाऱ्याला. पण ज्याला दिसला तो पुढे काही बोलत नसे. आमची आई दरवर्षी त्या दोन पालख्यांपुढे उकिडवी बसून मिनिटभर बघे आणि उठून फराळाला लागे.

गणपतीच्या कारखान्यांतून डोळ्यांच्या ह्या कामाला आखणी म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी आखणीचा माणूस वेगळा असतो. बाकी सगळे रंग झाल्यावर तो येतो आणि श्वास धरून रेघ ओढतो. आमच्या घरी तो मान अण्णांचा. धोतरे, शेले, तोफा, घोडे, एवढेच नव्हे तर मिशादेखील मी केल्या. डोळे कधीच नाहीत.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून नाव दिले, गोळ्या दिल्या. त्या वर्षी आणि पुढल्याही वर्षी डोळे झाले, पण बारा मावळ्यांना महिना लागला. गेल्या साली ब्रश हातात धरवेना. मावळ्यांची आखणी मी केली. लांबून पाहणाऱ्याला चालून गेली. पालख्यांतल्या दोघांना मी हात लावला नाही आणि अण्णांनी लाव म्हटले नाही. धनत्रयोदशीला ते एवढेच म्हणाले, "पालख्यांचे पडदे सोड." बिनडोळ्यांचे दोघे पडद्याआड बसून राहिले. पाऊस होता म्हणून पडदे सोडलेत, असे मी पोरांना सांगितले. पोरांना ते पटले.

ह्या वर्षी पुतण्याने तिकडून एक युक्ती कळवली. तिकडचे लोक मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवतात, बूच एका हातात, ब्रश दुसऱ्यात, आणि दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून टेबलाच्या कडेवर दाबतात. म्हणजे कंप असलाच तर दोन्ही हात एकत्र हलतात. डोळा एका रेघेत काढत नाहीत. आधी गडद पट्टी, तीवर पांढरा, मध्ये ठिपका, आणि मग अंगाच्या रंगाने वरून-खालून कापत आणायचा. आमच्या आखणीवाल्याला ही लबाडी वाटेल. अण्णांनाही वाटली. पण चार दिवसांनी औषधाच्या बाटलीचे बूच त्यांनी स्वतःच शोधून काढले.

सकाळी नऊची गोळी घेतली की दहाच्या सुमारास अर्धा तास हात त्यातल्या त्यात शांत असतो. तेवढ्यात जे होईल ते. डाव्या हाताला बूच पेलवेना, तेव्हा बूच मी धरले आणि त्यांचे मनगट माझ्या मनगटावर टेकले. घटस्थापनेला महाराजांचा डावा डोळा झाला, दुसऱ्या माळेला उजवा. दोन्ही बुबुळे समोर. मधल्या दोन माळा हात बरा नव्हता. पाचव्या माळेला अंबाबाई त्र्यंबोलीच्या भेटीला निघाली, सारी गल्ली टेंबलाईच्या रस्त्याला लागली, वहिनी आणि आमची हीही गेल्या. घर इतके शांत होते की ब्रश पाण्यात बुचकळल्याचा आवाज ऐकू येत होता.

शिवा काशिदची पट्टी झाली, पांढरा झाला. ठिपक्याच्या वेळी अण्णांनी श्वास धरला, मीही धरला, आणि ब्रशचे टोक टेकता टेकता घसरले. बुबुळ कोपऱ्यात गेलेच नाही, खाली उतरले. मी ओला बोळा उचलला. रंग सुकायच्या आत पुसला तर काही बिघडत नाही.

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी भिंग घेतले, बूच माझ्या हातासकट खिडकीकडे वळवले आणि बराच वेळ बघत राहिले.

"राहू दे. भोयांच्या पायांकडे बघतोय. चिखल आहे ना, घसरतील म्हणून."

दुसरा डोळा सहाव्या माळेला काढला. मुद्दाम, तितकाच खाली.